आपली मंडळी

सरांच्या घरी शनिवारी दुपारी चार वाजता जायचं, चपला दाराबाहेर काढायच्या आणि आवाज न करता सतरंजीवर जाऊन बसायचं, असा नियम होता. भिंतीला टेकलेलं चालत नसे. मध्ये बोललेलं तर मुळीच चालत नसे. चहा मिळायचा, पण कॅसेटची साइड बदलताना. आता हे वाचून कुणाला वाटेल, एखाद्या बुवांचं गाणं असणार. कसलं काय! कोथरूडच्या त्या छोट्याशा फ्लॅटमध्ये, देव्हाऱ्याच्या अगदी समोर, इलेक्ट्रिक गिटारी किंचाळायच्या, ड्रमचा धडधडाट चालायचा आणि एक गोरा माणूस गळा फाडून ओरडत असायचा. सर मांडी घालून, डोळे मिटून, उजव्या हाताने ताल धरून बसलेले असायचे, आणि गिटारवाल्याने काही अवघड केलं की मान हलवून हळूच म्हणायचे, "वा!"

त्या बँडचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की लगेच दोन तट पडतात, हमरीतुमरी सुरू होते आणि सर बाजूला राहतात. सरही नाव घेत नसत. "आपली मंडळी" म्हणायचे. "बघा, आपल्या मंडळींनी काय जागा घेतलीय!" जणू काही ही मंडळी पलीकडच्याच सोसायटीत राहतात आणि संध्याकाळी भाजी आणायला पिशवी घेऊन खाली उतरतात.

मी मूळची अमरावतीची. एम.एस्सी. करून पुण्यात आले आणि कोथरूडच्या एका ज्युनिअर कॉलेजात तासांवर फिजिक्स शिकवायला लागले. सर तिथले सगळ्यात जुने. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये शिरता शिरता मी म्हटलं, "बाप्पा, काय थंडी आहे हो तुमच्या पुण्यात!"

कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज आला, "मोजली का?"

"काय?"

"थंडी. मोजली का? नाही ना? मग आहे कशावरून?"

मी गारच पडले. पुण्याची माणसं तुसडी असतात असं ऐकून होते, पण पहिल्याच दिवशी, आणि तेही थंडीवरून? संध्याकाळी एसटीडी बूथवरून आईला फोन केला आणि सांगितलं, "माय, इथे साधी थंडी वाजायचीही सोय नाही."

पुढे कळलं की हे माझ्यासाठी खास नव्हतं. सर सगळ्यांनाच तसं विचारायचे. प्राचार्य म्हणाले, मुलांची शिस्त बिघडलीय, तर सर विचारणार, "मोजली?" भाजीवाली म्हणाली, मेथी ताजी आहे, तर "कशी मोजली?" रोज सकाळी रेडिओच्या ठोक्यांवर मनगटातलं घड्याळ लावायचे आणि मग दिवसभर दुसऱ्यांची घड्याळं दुरुस्त करत हिंडायचे. माणसांना नावाने हाक मारायची नाही, गावाने मारायची, ही आणखी एक खोड. प्राचार्य म्हणजे "अहो वाई", ऑफिसातले हेडक्लार्क म्हणजे "अहो बार्शी", आणि मी पहिल्या दिवसापासून "अहो अमरावती". सुरुवातीला मला राग यायचा. नंतर नंतर कुणी माझ्या खऱ्या नावाने हाक मारली की मी वळून बघायला उशीर करायला लागले.

सरांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. तरी कुणी उगाच ठासून काही बोललं की माझ्या ओठांवर अजून "मोजलं का?" येतं. ते गिळायला फार कष्ट पडतात.

त्या शनिवारच्या बैठकीला मला बोलावलं ते थंडीच्या प्रकरणानंतर महिन्याभराने. मी प्रयोगशाळेतल्या स्टॉपवॉचमधली चूक शोधून काढली होती, त्याचं हे बक्षीस. मला वाटलं, चहा-पोहे असतील. पोहे होते, पण त्याआधी मंडळींची कॅसेट होती. सरांनी कापसाला स्पिरिट लावून डेकचं हेड पुसलं, कॅसेट दोन्ही हातांनी आत सरकवली आणि मागे येऊन बसले. मी उठून पळाले नाही ती केवळ काकूंमुळे. सरांच्या बायकोला मी काकू म्हणायची. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून मला हातानेच 'बस, बस, सवय होते' म्हणून खुणावत होत्या.

सवय झाली आणि मग वेडच लागलं. मी तेव्हा कॉट बेसिसवर राहत होते. खोलीत चौघी, मालकीणबाईंचे शंभर नियम, आठवडाभर कुणी 'जेवलीस का' म्हणून विचारायचं नाही. शनिवार आला की मला माहेरी निघाल्यासारखं वाटायचं. खोटं कशाला सांगू, त्या शहरात मला घर असं तेच एक होतं. मंडळींची सगळी गाणी मला त्या एका कॅसेटवरून पाठ झाली. कपडे धुताना मोठमोठ्याने म्हणायची, अर्थ एका ओळीचाही कळायचा नाही. एकदा सरांना विचारलं, "सर, हे नेमकं काय म्हणतायत?" तर म्हणाले, "ख्यालातले शब्द कळतात का तुम्हाला? नाही ना? तरी बसताच ना ऐकत? मग!"

कारण सरांच्या मते तो ख्यालच होता. हा त्यांचा सिद्धान्त, आणि तो त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट होती. त्यांचं म्हणणं असं, की मंडळींची ही कॅसेट म्हणजे सुटी गाणी नाहीत, एक सलग मैफल आहे. ए साइडचं पहिलं गाणं भारी, संथ. मग प्रत्येक गाण्यागणिक लय जरा जरा वाढते, आवाज जरा जरा वर सरकतो. इतका हळूहळू, की गाणं चालू असताना कळतही नाही. आणि बी साइडच्या शेवटच्या गाण्याला येईपर्यंत मंडळी अशी काही तापलेली असतात, की तो गाणारा आनंदाने नुसता उधळतो. "विलंबितापासून द्रुतापर्यंत, अहो अमरावती! त्या लोकांना हे कुणी शिकवलं? कुणीच नाही. त्यांचं त्यांना सापडलं!" हे सांगताना त्यांचे डोळे पाणावायचे. आणि गंमत म्हणजे ते खरंच होतं. आम्ही घड्याळ लावून ठोके मोजले होते. लय वाढत होती. पट्टी चढत होती. मोजून सिद्ध झालेली गोष्ट!

सोसायटीच्या गणेशोत्सवात त्यांनी यावर व्याख्यानसुद्धा दिलं. फळ्यावर विषय लिहिला होता, 'पाश्चात्त्य रॉक संगीतातील ख्यालविचार'. समोर बसलेले लोक म्हणजे आरतीच्या आधी येऊन जागा धरलेली मंडळातली पोरं आणि वरच्या मजल्यांवरच्या आज्या. सरांनी पूर्ण कॅसेट वाजवली. एका आजोबांनी विचारलं, "पण यात राग कुठला?" सरांनी त्यावर इतका वेळ उत्तर दिलं की आरती लांबली आणि मोदक गार झाले. काकू मला हळूच म्हणाल्या, "आजोबा बिचारे पुढच्या वर्षी प्रश्न विचारायचे नाहीत."

सरांची एकच इच्छा होती. एकदा मंडळींना समोर बसून ऐकायचं. "कॅसेट म्हणजे फोटो हो. फोटोत माणूस हसलेला दिसतो, हसताना दिसत नाही. मला ते चढताना बघायचेत. कुठल्या क्षणी एकमेकांकडे बघतात, कोण कुणाला खूण करतो आणि लय वाढते, ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. एकदा बघितलं की झालं. मग सिद्धान्त पुरा झाला." तेव्हा असले लोक आपल्याकडे यायचेच नाहीत. पण पुढे बाजार खुला झाला, चॅनेलं आली, शीतपेयं आली, बाहेरचे एकेक गायक-बियक यायला लागले. सर रोज पेपर शेवटच्या पानापासून वाचायचे. मंडळी काही येत नव्हती. वयं होत चालली होती, त्यांची आणि सरांचीही. तो गाणारा आणि सर जवळजवळ एकाच वयाचे होते.

मधल्या काळात मी कॉलेज सोडलं. तेव्हा जो तो कॉम्प्युटरकडे पळत होता, मीही पळाले. हडपसरच्या एका आयटी कंपनीत टेस्टिंगला लागले. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे काम. सर म्हणाले, "म्हणजे मी जे फुकट करायचो, त्याचे तुम्हाला पैसे मिळणार. उत्तम." शनिवार मात्र मी सोडला नाही. हडपसरहून कोथरूडला दोन बस बदलून जायची.

आणि एके दिवशी ऑफिसात बातमी आली. मंडळी येणार! पुण्यात! थंडीत, मांजरी गावाच्या पुढे उसाच्या शेतांना लागून एक मोठं मैदान होतं, तिथे कार्यक्रम. आमच्या कंपनीला पास मिळणार होते. मी नाव नोंदवून दोन पास पक्के केले आणि थेट कोथरूड गाठलं. सरांना सांगितलं तर त्यांनी 'मोजलं का' विचारलं नाही. उठून गॅलरीत गेले आणि पाठमोरे उभे राहिले. काकू म्हणाल्या, "राहू दे. लग्न ठरलं तेव्हाही असेच उभे होते."

इथवर सगळं छान होतं हो. इथेच थांबता आलं असतं तर!

झालं असं, की ऑफिसातल्या एका मुलाकडे मंडळींची तीच मैफल ओरिजिनल सीडीवर होती. मी म्हटलं, कार्यक्रमाआधी जरा उजळणी करावी. हेडफोन लावला. पहिलं गाणं ठीक. तिसरं जरा सुस्त वाटलं. सहाव्याला वाटलं, कॉम्प्युटर अडकतोय. आणि शेवटचं लागलं तेव्हा मी हेडफोन काढून उलटसुलट करून बघितला. ते आमचं गाणंच नव्हतं. चाल तीच, पण कुणीतरी मेल्यासारखं संथ. आवाज खाली, जड. आणि त्या वेगात मला पहिल्यांदाच शब्द कळले. कुणीतरी कायमचं निघून गेलंय आणि हा बापडा फाटकापाशी उभा राहून हाका मारतोय, असं ते गाणं होतं. आनंद-बिनंद काही नाही!

आधी संशय मशीनवरच घ्यायचा, ही माझी कामाची शिस्त. दुसऱ्या मशीनवर लावून बघितलं. तिसऱ्यावर बघितलं. सगळीकडे तेच. मंडळींची लय पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत कुठेही चढत-बिढत नव्हती. पुढच्या शनिवारी सरांकडे सतरंजीवर बसून मी गुपचूप प्रत्येक गाण्याची वेळ घड्याळावर लावली. ए साइडच्या पहिल्या गाण्यात फरक नाही म्हटलं तरी चालेल. मग पुढे पुढे वाढतच गेलेला. शेवटचं गाणं आमच्या कॅसेटवर अर्ध्या मिनिटाहून जास्त आधी संपत होतं.

मला रडूच आलं. सांगावं तर त्यांचा जन्मभराचा सिद्धान्त जातो. न सांगावं तर हा माणूस त्या मैदानावर उभा राहून लय कधी चढते याची वाट बघत बसणार, आणि ती चढणारच नाही. सगळ्या जगासमोर त्यांना ते तिथे कळणार. आणि ज्यांनी मला मोजल्याशिवाय बोलू नका म्हणून शिकवलं, त्यांच्यापासून मोजलेलं लपवायचं? नाही जमलं मला. साइड बदलताना चहा आला तेव्हा मी म्हटलं, "सर, आपली मंडळी चढत नाहीत. आपली कॅसेट चढते."

"मोजलं का?"

"हो सर. मोजलं."

त्यांनी कप खाली ठेवला. मी पिशवीतून छोटा सीडी प्लेअर काढला आणि हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला. शेवटचं गाणं लावलं. त्यांनी नेहमीसारखे डोळे मिटले आणि मांडीवर ताल धरला, आमच्या कॅसेटच्या लयीत. हात पुढे गेला, गाणं मागे राहिलं. पुन्हा धरला. पुन्हा तेच. मग तो हात तसाच वर राहिला. गाणं संपेपर्यंत खाली आला नाही. ते बघताना मला वाटलं, आपण कशाला आलो अमरावतीहून, तिथेच बरं होतं.

हेडफोन काढून त्यांनी वायर नीट गुंडाळून ठेवली. मग एकच शब्द म्हणाले, "सेल."

मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं, अगदी वर्गात सांगावं तसं, फळ्याकडे बघितल्यासारखं भिंतीकडे बघत. ते हॉस्टेलवर असताना कुणा मित्राचा मित्र परदेशातून मंडळींची कॅसेट घेऊन आला होता. एका संध्याकाळपुरती मिळाली होती. कॉपी करायला बसले आणि लाइट गेली. मग दोन्ही टेपरेकॉर्डर सेलवर चालवले, वाजवणाऱ्यात नवे सेल घातले. भरणाऱ्यातले सेल जुने. कॉपी होता होता उतरत गेले. सेल उतरले की टेप हळू फिरते, आणि हळू फिरताना भरलेलं गाणं चांगल्या डेकवर लावलं की पळतं, वर चढतं. जितके सेल उतरलेले तितकं जास्त. पहिल्या गाण्याला सेल ठीक होते. शेवटच्याला मरायला टेकले होते. "विलंबितापासून द्रुतापर्यंत," सर म्हणाले. "मी बी.एस्सी.ला फिजिक्सला पहिला आलो होतो, अमरावती."

काकू दारातूनच म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं ती माणसं धापा टाकत होती म्हणायची! मला वाटायचंच, एवढी कसली घाई." बोलून गेल्या आणि सरांचं तोंड बघून आत वळल्या. आत भांडी उगाचच आपटल्याचा आवाज आला.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. कुणाला आठवत होतं ते व्याख्यान? पण गणपती तोंडावर आलेच होते, सर थेट मंडळाच्या अध्यक्षांकडे गेले. म्हणाले, "मी इथे जाहीरपणे चुकीचं विधान केलेलं आहे. ते जाहीरपणे मागे घ्यायचंय. वेळ द्या." अध्यक्ष म्हणजे शेजारच्या विंगमधला तरुण मुलगा, त्याला काही बोध होईना. म्हणाला, "सर, यंदा फॅन्सी ड्रेस आहे. मग हाउजी. मधली पाच मिनिटं चालतील?"

चालली. स्टेजवरून टोमॅटो, झाशीची राणी आणि दोन मोबाइल फोन उतरले आणि सर चढले. इस्त्रीचा पांढरा शर्ट. माइक उंच होता, तो त्यांनी खाली केला नाही, मान वर करून बोलले. "पूर्वी याच ठिकाणी मी एक सिद्धान्त मांडला होता. तो चूक होता. ज्यांचं मी कौतुक केलं होतं त्या मंडळींनी तसं काही केलेलंच नव्हतं. दोष माझ्या टेपरेकॉर्डरच्या सेलचा होता आणि माझा होता. ज्यांनी ते ऐकलं असेल त्यांनी कृपया दुरुस्त करून घ्यावं." लोकांना वाटलं, हाही फॅन्सी ड्रेसच. कडकडून टाळ्या वाजल्या. एका आजींनी तर 'छान केलंत हो मास्तर' म्हणून शाबासकी दिली. सर हात जोडून उतरले आणि माझ्याजवळ येऊन बसले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला त्या टाळ्यांचा इतका राग आला, की अजूनही तो गेलेला नाही.

त्यानंतर शनिवार बंद झाला. कॅसेट कपाटात गेली. पासांचं विचारलं तर म्हणाले, "मी कुणाला ऐकायला येऊ? मी ज्यांना ओळखत होतो ते कुणी नाहीतच. हे जे येणारेत, त्यांची माझी ओळख नाही. तुमच्या बरोबरीच्या कुणाला तरी घेऊन जा." काकू मला एकीकडे घेऊन सांगायच्या, "दुपारी दार लावून घेतात आणि तू ठेवून गेलेलं ते यंत्र कानाला लावून बसतात गं. बाहेर आले की विचारावं, तर म्हणतात काही नाही." सरांना मी इतकं खचलेलं कधी बघितलं नव्हतं. ते कुणालाही 'मोजलं का' विचारीनासे झाले होते. भाजीवालीनेसुद्धा मला थांबवून विचारलं, मास्तरांना बरं नाही का म्हणून.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मी तरी गेलेच. सर आरामखुर्चीत पेपर तोंडासमोर धरून बसले होते. मी विनवण्या करून थकले. शेवटी काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"अहो, एक विचारू? लग्न ठरवताना मला जे दाखवले होते ते तुम्ही वेगळेच होतात. कमी बोलणारे, सौम्य. निघालात भलतेच. तरी मी आले ना नांदायला?"

पेपर खाली आला.

"मग माणसं जरा वेगळी निघाली म्हणून भेटायला जायचं नाही, ही कुठली रीत? जा मुकाट्याने. आणि तुम्ही दोघं गेलात की मला या घरात थोडी शांतता तरी ऐकायला मिळेल."

सर उठले, आत गेले आणि रेशमी झब्बा घालून, खांद्यावर शाल टाकून बाहेर आले. मैफलीला जायचा त्यांचा तोच वेश होता. मी हसू दाबलं.

मैदानावर जिकडे बघावं तिकडे काळे टी-शर्ट. त्या गर्दीत सरांचा तो मोतिया झब्बा. फाटकावरच्या मुलाला त्यांनी विचारलं, "पादत्राणं कुठे काढायची?" त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सर, इथे नाही काढत." ते नाइलाजाने आत आले, पण जागेवर पोहोचल्यावर चपला काढून शेजारी नीट जोडून ठेवल्याच. कुणी तरी म्हणालं, "अंकल, कूल!" सर म्हणाले, "थंडी आहे खरी."

उजेड कमी झाला आणि मंडळी आली. माणसंच होती हो! पोट सुटलेली, केस विरळ झालेली. तो गाणारा तर जिना जपून चढला. पहिल्या गाण्यापासून सगळं मैदान उड्या मारत होतं, एकटे सर निश्चल उभे होते. डोळे उघडे. त्या लोकांच्या हातांकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघत होते. मला गाणं ऐकूच येत नव्हतं.

मग ते लागलं. बी साइडचं शेवटचं. सुरुवातीला नुसती गिटार, अगदी हळू. सगळीकडे लायटर पेटले, लोक संथपणे डोलायला लागले. सरांनी बाही वर केली आणि मनगटातलं घड्याळ स्टेजच्या उजेडाकडे धरलं. ओठ हलत होते. ठोके मोजत होते. मी मनात म्हटलं, आता कशाला, सर? किती छळाल स्वतःला?

एक कडवं होईपर्यंत ते मोजत राहिले. मग माझ्या कानाशी वाकून ओरडले, "सीडीपेक्षाही हळू आहे!"

"काय?"

"सीडीपेक्षा हळू! आणि खाली! चांगली एक पट्टी उतरवलीय! त्याला आता वरचं झेपत नाही!" त्यांनी स्टेजकडे बोट केलं. तो गाणारा माइकचा दांडा धरून उभा होता, वरचा स्वर आला की डोळे मिटून मान बाजूला करायचा, पण गात होता. सर त्याच्याकडे बघत राहिले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते. "म्हणजे यांचं यांच्याजवळसुद्धा पहिलं राहिलेलं नाही, अमरावती! सीडीवर एक, इथे एक!"

"हो सर!"

"मग आपलंही एक असू दे की!"

आणि सरांनी तोंड उघडलं. त्या हजारो लोकांमध्ये, रेशमी झब्ब्यात, अनवाणी उभे राहून ते आमच्या कॅसेटचं गाणं गायला लागले. त्याच चढ्या पट्टीत, त्याच पळत्या लयीत, आनंदाने उधळून. आजूबाजूचे वळून वळून बघायला लागले. कुणी हसलं, कुणी "अंकल, स्लो!" म्हणून ओरडलं. लाजेने मेल्यासारखं झालं मला, आणि इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. मीही सुरू केलं. त्यांच्याच पट्टीत केलं, मला दुसरी येतच नव्हती. आमची ओळ बँडच्या कितीतरी आधी संपायची. मग आम्ही दोघं श्वास घेत थांबायचो, मंडळी येईपर्यंत.